बोलणारी व्यक्ती : कोणी नाही

आमच्या घरी फोन नाही. मुलुंडला आमच्या इमारतीत तळमजल्यावरच्या डॉक्टरांकडे आहे, आणि विशाखाचा फोन आला की डॉक्टरांच्या पत्नी जिन्यात येऊन "शैला, एक्स्चेंज" अशी हाक मारायच्या. विशाखा घाटकोपरला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. दुपारी बोर्डावरची गडबड जरा ओसरली की ती मला फोन लावायची, आणि मी रिसीव्हर उचलला की सरकारी आवाजात म्हणायची, "बोला मुलुंड, आपलं बोलणं सुरू करा." मग स्वतःच हसत सुटायची. त्या दिवशी हाक आली तशी मी ओले हात पदराला पुसत खाली गेले आणि या खेपेला तिच्याआधी मीच म्हटलं, "बोला घाटकोपर." पलीकडे कोणी हसलं नाही. तिच्या शेजारच्या बोर्डावर बसणारी मुलगी बोलत होती. "शैलाताई, विशाखा गेली. सकाळी गेली. तिच्या बाबांनी तुम्हाला कळवायला सांगितलंय." मागे बाकीच्या मुलींचे आवाज तसेच चालू होते. कोणी नंबर विचारत होती, कोणी लाइन जोडून देत होती. मी बराच वेळ रिसीव्हर धरून उभी राहिले आणि त्या मुलीनंही लाइन आपणहून तोडली नाही.

काविळीनं गेली. वय पस्तिशीच्याही आतलं. हे लिहितानासुद्धा मला तिचा राग येतो आहे, कारण ताप अंगावर काढत ती ड्यूटीला जात राहिली आणि डोळे पिवळे झाल्यावर घरी बसली. शेवटची भेट गोवंडीला तिच्या घरी झाली. मी पोहोचल्या पोहोचल्या तिला झापायला सुरुवात केली. माझं प्रेम असंच बाहेर पडतं, आणि विशाखाला ते पुरतं ठाऊक होतं. ती उशीला टेकून बसली होती, म्हणाली, "शैले, पुढच्या वेळी येताना पिवळी साडी आण गं. सगळं मॅचिंग होईल." मी निघताना तिनं हात धरला आणि विचारलं, "बाई कशा आहेत?" मी म्हटलं, बऱ्या आहेत, निवृत्त होतील आता. "आणि माहुलची टेप त्यांनी कधी परत मागितली का?" मी नाही म्हटलं. ती समाधानानं हसली. मला तेव्हा त्या हसण्याचा अर्थ लागला नाही, आणि मी विचारलंही नाही, कारण बस चुकेल म्हणून माझा जीव वर-खाली होत होता.

बाई म्हणजे आमच्या संशोधन प्रकल्पाच्या प्रमुख. अंधेरीला एका जुन्या बंगल्यात आमची संस्था होती. मुंबईच्या कडेकडेला जी जुनी गावं आहेत त्यांची बोली, ती बोलणारी माणसं आहेत तोवर टेपवर घेऊन ठेवायची, हे प्रकल्पाचं काम. त्यासाठी भाषाविज्ञानात नुकतंच एम.ए. झालेल्या दोघांना संशोधन सहायक म्हणून नेमायचं होतं. मानधन मिळणार, त्याच कामावर पीएच.डी.ही करता येणार. विशाखाची आणि माझी ओळख तिथल्या मुलाखतीच्या बाकावर झाली. माझे वडील गिरणी कामगार, मूळचे सावंतवाडीकडचे, आणि पुढे काही दिवसांतच गिरण्यांचा जो संप सुरू झाला तो संपायचं नाव घेईना. तिचे वडील परभणीकडून आलेले, महापालिकेच्या वर्कशॉपमध्ये फिटर. भाषा शिकून कोणाचं पोट भरतं, हे दोन्ही घरांत कोणालाच पटण्यासारखं नव्हतं. दोन्ही घरांनी आम्हाला शिकू दिलं ते असिस्टंटशिपच्या जिवावर. माझ्या घरी हे कोणी बोलून दाखवत नसे. विशाखाच्या वडिलांनी मात्र स्पष्ट सांगितलं होतं. टेलिफोन खात्याची परीक्षा ती आधीच पास झाली होती, बोलावणं कधीही येणार होतं. असिस्टंटशिप चालू आहे तोवर शीक, ती बंद झाली की त्या दिवशी एक्स्चेंज. यात त्यांचा दुष्टपणा नव्हता. धाकट्या दोघी शिकायच्या होत्या. पण त्यामुळे दर वर्षी नूतनीकरणाची वेळ जवळ आली की विशाखाचं जेवण कमी व्हायचं.

आणि खरं सांगायचं तर आमच्या दोघींत ते काम तिचंच होतं. मी एखाद्या घरी जायची, वही काढायची, याला काय म्हणता, त्याला काय म्हणता असं विचारायची. माणसं सावरून बसायची आणि शाळेतल्या मराठीत उत्तरं द्यायची. विशाखा जायची आणि मासळी निवडायला बसायची. कातडी खोक्यातला तो कॅसेट रेकॉर्डर बाजूला ठेवायचा, दोन बटणं एकदम दाबायची आणि सुरुवातीला बाईंनी घालून दिलेली नोंद बोलायची. स्थळ अमुक, वेळ अमुक, बोलणारी व्यक्ती अमुक. प्रत्येक टेपच्या तोंडाशी हे बोललंच पाहिजे असा नियम होता. मी ते घाईघाईत पुटपुटायची. ती मात्र भाजीवाल्याशी बोलावं तसं सावकाश बोलायची, आणि बायका हसून म्हणायच्या, अगं, ती मशीनला आपली ओळख सांगते बघ. मग ती गप्प बसायची. विशाखाइतकं गप्प बसता येणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. समोरचा बोलायचा थांबला की आपण काहीतरी भर घालतो. ती घालत नसे. थांबून राहायची… आणि समोरचं माणूस आपोआप पुढे बोलू लागायचं.

माहुलला खाडीच्या अंगाला हिराबाईचं घर होतं. नवरा आधीच गेलेला. मुलगा, गणेश, बोटीवर गेला तो परत आलाच नाही. देहही मिळाला नाही. सगळं गाव हेल काढून रडलं, पण हिराबाई रडली नव्हती. याला दोन वर्षं झाली होती. त्या दुपारी ती ओट्यावर एक जुनं जाळं दुरुस्त करत होती आणि जाळं कसं भरतात ते विशाखाला सांगत होती. मी त्या दिवशी सोबत होते, पायरीवर बसले होते. बोलता बोलता हिराबाईचा हात एका गाठीवर थांबला. ती गाठ गणेशच्या हातची होती. ज्याची त्याची गाठ ओळखता येते म्हणे. ती गाठीकडे पाहत राहिली आणि मग तिनं मुलाला हाक मारली. समोर बसल्यासारखी ती त्याच्याशी बोलू लागली. आधी रागावली, मग विचारपूस केली, मग चुलत्यानं काय केलं, सून माहेरी का गेली, घरात कोणाला सांगता न येणारं सगळं हेल काढून त्याला सांगितलं. रेकॉर्डर चालू होता. विशाखाचा हात एकदा बटणाकडे गेला आणि माघारी आला. हात पुढे केला असता तर हिराबाई थांबली असती, आणि दोन वर्षांनी सुटलेलं ते रडणं तिथेच अडलं असतं. टेप संपून खट्कन आवाज झाला तेव्हा सगळं बोलून झालं होतं. हिराबाईनं तोंड धुतलं, आम्हाला चहा दिला.

बाईंचा एक नियम होता आणि त्याचा त्यांना अभिमान होता. बोलणाऱ्याला त्याचं बोलणं परत ऐकवायचं, त्याची मान हलली की मगच ती टेप संस्थेची. पण या वेळी उलटं झालं. विशाखा संस्थेत बसून टेप उतरवून काढत होती आणि बाई तिथून जात होत्या. त्या दारात उभ्या राहिल्या. मग खुर्ची ओढून बसल्या आणि शेवटपर्यंत ऐकलं. माइक समोर आला की माणूस आखडतो, ही आमच्या धंद्यातली कायमची डोकेदुखी. आणि इथे हिराबाई मशीन आहे हे साफ विसरून, एकसलग, जिवाच्या भाषेत बोलत होती. असं काही कोणाकडेच नव्हतं. बाईंचे डोळे भरून आले होते ते हिराबाईच्या दुःखानं की या घबाडानं, ते मला आजही सांगता येणार नाही. प्रकल्पाला पैसा देणाऱ्यांची समिती येणार होती, पुढची नेमणूक तेच ठरवणार होते. बाईंनी अहवालात लिहून टाकलं की असं ध्वनिमुद्रण आमच्या सहायिकेनं केलं आहे आणि समितीला ते प्रत्यक्ष ऐकवलं जाईल. विशाखाची खुर्ची आता पक्की, असं मी तिला म्हटलं. ती म्हणाली, अजून मावशींना ऐकवायचंय.

टेप उतरवून काढणं म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. तीन शब्द ऐकायचे, थांबवायचं, मागे न्यायचं, पुन्हा तेच तीन शब्द. एक आवाज नीट कळला नाही तर तोच तुकडा इतक्या वेळा फिरवायचा की शेजारी बसलेल्याचं डोकं उठावं. कित्येक दिवस आमच्या खोलीत हिराबाई गणेशला हाक मारत होती. पुन्हा हाक, पुन्हा हाक… सगळं उतरवून झाल्यावर, समिती यायच्या आठवड्यातच, विशाखा रेकॉर्डर घेऊन माहुलला गेली आणि ओट्यावर बसून तिनं टेप लावली. पहिली हाक ऐकल्याबरोबर हिराबाईनं मशीनवर पालथा हात ठेवला. गप कर म्हणाली. विशाखानं बंद केलं.

त्या घरात असं मानत होते. शेजारच्या घरात विचारलं असतं तर कदाचित वेगळं सांगितलं असतं, पण त्या घरात मानत होते. गेलेल्या माणसाशी एकदा मन मोकळं करून बोलून घ्यायचं. एकदाच. म्हणजे तो वाटेला लागतो. तेच बोल पुन्हा निघाले तर तो अर्ध्या वाटेवरून मागे वळतो, आणि मग त्याला पुढेही जाता येत नाही आणि घरातही येता येत नाही. हिराबाईनं हे शांतपणे समजावून सांगितलं. मग विचारलं, "किती वेला वाजवलंस पोरी?"

विशाखा म्हणाली, "मोजलं नाही मावशी. खूप वेळा."

हिराबाईनं मशीनवरचा हात काढला नाही. म्हणाली, "तो आवाज मना परत दे."

हे सगळं विशाखानं मला दुसऱ्या दिवशी चेंबूरच्या बसस्टॉपवर सांगितलं. मी बस सोडून दिली. आम्ही तिथेच भांडलो. सरळ हिशेब होता. समितीला दोनच दिवस उरले होते, अहवालात टेपचा उल्लेख झाला होता आणि तिच्याकडे दाखवायला दुसरं काही तितक्या मोलाचं नव्हतं. मी म्हटलं, एक कॉपी काढ, कॉपी संस्थेला दे आणि मूळची तिच्यासमोर पूस. तिचंही समाधान, तुझंही काम. मी आजही म्हणेन की तो सल्ला शहाणपणाचा होता. विशाखा म्हणाली, मग ते परत देणं कसं होईल. माझं डोकं सटकलं. जिच्या घरात देव्हारा नाही, जिचे वडील गंडे-दोरे करणाऱ्याला दारात उभं करत नाहीत, ती मुलगी एका समजुतीपायी आयुष्य पणाला लावत होती. मी ओरडून विचारलं, "तू मानतेस का हे सगळं? तो मुलगा वाटेत अडकलाय, खरंच वाटतं तुला?"

"मी नाही मानत," ती म्हणाली. "ती मानते. आणि आवाज तिचा आहे."

"वाट लागेल तुझी, कळतंय ना? एक्स्चेंजमध्ये बसशील जन्मभर."

"कळतंय गं." ती घाबरलेली होती, हे मला मुद्दाम लिहायचं आहे. पुढे लोक तिच्या धैर्याबद्दल बोलले, पण त्या स्टॉपवर तिनं पर्सचा पट्टा दोन्ही हातांभोवती करकचून गुंडाळून घेतला होता. मला म्हणाली, तू चल ना माझ्याबरोबर. मी नाही गेले. असल्या वेडेपणाला मी साक्षीदार राहणार नाही म्हणाले, आणि पुढची बस पकडून घरी आले.

कॅसेट पुसायची तर तिच्यावर दुसरं काहीतरी भरावं लागतं. दोन बटणं दाबून मशीन चालू ठेवायचं, म्हणजे जुनं जातं आणि खोलीत जे काही चाललं असेल ते भरलं जातं. संस्थेत बसून अर्ध्या तासात उरकण्यासारखं काम होतं. पण हिराबाईला ते डोळ्यांनी बघायचं होतं, म्हणून विशाखा उतरवलेले कागदही घेऊन पुन्हा माहुलला गेली, ते तिच्या हाती दिले आणि दोघी समोरासमोर बसून राहिल्या. एवढंच तिनं मला सांगितलं. काय बोललात असं विचारल्यावर म्हणाली, काही नाही, बसलो होतो.

समिती आली त्या सकाळी तिनं बाईंना सांगितलं. बाई खुर्चीत बसल्या आणि काही क्षण त्यांनी फक्त पेनाचं टोपण लावलं, काढलं. मग म्हणाल्या, "त्यांना तू सांगायचंस. मी सांगणार नाही." वरच्या मजल्यावर लांब टेबल होतं, मध्ये रेकॉर्डर ठेवलेला. तिघे पाहुणे होते. त्यातले ज्येष्ठ गृहस्थ फार सौम्य, आमच्या विषयावर जीव असलेले. माझं काम पाहून झालं, ठीक म्हणाले. मग हसून विशाखाकडे वळले आणि म्हणाले, आता ती टेप ऐकवा, तिच्यासाठीच आलो आहोत. विशाखा उभी राहिली आणि म्हणाली, त्या टेपवर आता ते बोलणं नाही, ते पुसलं गेलं आहे. ज्येष्ठ गृहस्थांना खरंच धक्का बसला होता, पण माणूस भला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि स्वतःच वाट काढून दिली. "असं होतं कधीकधी. नवी मशीनं, चुकीचं बटण दाबलं जातं. चुकूनच पुसली गेली ना?"

एका शब्दाचं काम होतं. होय म्हटलं असतं की संपलं. बाईंनी मान खाली घातली होती आणि मला कळत होतं की त्या मनात होय, होय म्हणत आहेत. मीही म्हणत होते. विशाखा थांबली. ती नेहमी थांबायची तशीच थांबली, फक्त या वेळी समोरचं कोणी पुढे बोललं नाही…

"नाही सर," ती म्हणाली. "मी ठरवून पुसली."

"परत बोलतील त्या?"

"नाही."

"मग आता काय आहे टेपवर?"

"काही नाही सर. आम्ही दोघी बसलो होतो."

माझं नूतनीकरण झालं, तिचं झालं नाही. प्रकल्पाचं साहित्य जाणूनबुजून नष्ट केलं, असं कारण होतं, आणि ते खोटं नव्हतं. बाई तिला म्हणाल्या, मी तुला वाचवलं असतं, पण तू मला कुठे जागाच ठेवली नाहीस. मग त्यांनी ती कॅसेट कपाटातून काढून तिच्या हातात दिली. संस्थेत रिकामी टेप ठेवायची नसते म्हणाल्या. आवाज कोरडा होता. पण त्यानंतर, बोलणाऱ्यानं मान हलवायच्या आत आमच्याकडे कोणी टेप ऐकली नाही. बाईंनी स्वतःसुद्धा नाही. विशाखाच्या वडिलांनी महिनाभर तिच्याशी अबोला धरला. मुलीला शिकवलं ते अडाणी समजुतींसाठी पदरचं घालवायला का, हा त्यांचा प्रश्न होता आणि त्यांच्या जागी तो बरोबर होता. एक्स्चेंजला रुजू व्हायच्या दिवशी मात्र ते रजा काढून तिला दारापर्यंत सोडायला गेले.

मी तिच्यावर रागावून होते. पुढे माझी पीएच.डी. झाली, घाटकोपरच्या कॉलेजात नोकरी लागली, तिच्या एक्स्चेंजपासून चालत जाण्याइतकी जवळ. आम्ही पुष्कळदा डबा एकत्र खाल्ला. तिच्या डब्यात उन्हाळ्याच्या शेवटी सुके बोंबील असायचे. हिराबाई दर वर्षी गोवंडीला पुडकं पोहोचवायची, स्वतः येऊन. मी एकदा कडवटपणे म्हटलं, छान, पीएच.डी.च्या बदल्यात बोंबील. विशाखा म्हणाली, "झकास आहेत पण. खाऊन तरी बघ." मी खाल्ले. दिवसभर हेडफोन लावून बसायची ती, शेकडो माणसांची बोलणी जोडून द्यायची. मी विचारायची, ऐकू येतं का गं तुला, कोण कुठल्या गावचा ते ओळखतेस का अजून? ती म्हणायची, लाइन जुळली की मी कान काढून घेते. माझ्या ते मनाला लागायचं. इतका तयार कान असा वाया जावा, हे मला सहन व्हायचं नाही, अजून होत नाही. ती सुखी होती का? होती, असं मला वाटतं. निदान माझ्यापेक्षा तिला झोप चांगली लागायची.

ती गेल्यावर तीनेक आठवड्यांनी तिचे वडील माझ्याकडे मुलुंडला आले. स्वच्छ इस्त्रीचा सदरा, हातात पिशवी. पाणी प्यायले, इकडचं तिकडचं बोलले, मग म्हणाले, "शैला, आमच्याकडं तिचे फोटो हायेत. आवाज न्हाई." एवढ्या माणसांचे आवाज तिनं भरले, तर तिचाही कुठे असेल ना, असं त्यांना विचारायचं होतं. मी म्हटलं, काका, प्रत्येक टेपच्या सुरुवातीला होता, पण प्रकल्प संपल्यावर त्या सगळ्या टेपा दिल्लीला गेल्या. त्यांनी पिशवीतून एक कॅसेट काढली. तिच्या कपड्यांखाली सापडली होती. लेबलावर बाईंच्या अक्षरात माहुल लिहिलेलं आणि त्यावर एक आडवी रेघ. मी म्हटलं, काका, यावर काही नाही. ही पुसलेली आहे. ते म्हणाले, बघ तरी.

दुसऱ्या दिवशी मी संस्थेतून तोच जुना रेकॉर्डर मागून आणला आणि ते पुन्हा आले. आम्ही समोरासमोर बसलो. मी बटण दाबलं. थोडी खरखर झाली आणि मग माझ्या खोलीत विशाखा बोलली. सावकाश, भाजीवाल्याशी बोलावं तशी. पुसतानासुद्धा बाईंचा नियम तिच्याकडून मोडवला नव्हता. "स्थळ माहुल. वेळ दुपारची. बोलणारी व्यक्ती…" इथे ती थांबली. मग म्हणाली, "कोणी नाही."

आणि मग खरोखरच कोणी बोललं नाही. कोंबडी ओरडली. लांब रिफायनरीचा भोंगा झाला. कोणीतरी ओट्यावरून भांडं ओढलं. मधेच विशाखा खाकरली, तशी काकांनी मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. तिचा श्वास ऐकू येत होता, मशीन तिच्याच बाजूला असणार. एकदा बांगड्या वाजल्या, त्या हिराबाईच्या, कारण विशाखा बांगड्या घालत नसे. मी त्या दिवशी तिथे जायला नकार दिला होता, आणि आता मी तिथे बसले होते, त्या दोघींच्या मधे, आणि मला वाटत होतं की ही बाजू संपूच नये. शेवटी हिराबाईचा आवाज आला, "झाला का गं?" विशाखा म्हणाली, "झालं, मावशी. गेला तो." आणि बटण खट्कन वर आलं.

मग सवयीनं, वर्षानुवर्षांच्या सवयीनं, माझा हात टेप मागे फिरवायच्या बटणाकडे गेला. काकांनी मशीनवर आपला पालथा हात ठेवला. आयुष्यभर यंत्रं दुरुस्त केलेला, तेलानं कायमचा काळवंडलेला तो हात होता.

"राहू दे, माय," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहत नव्हते. डोळे पुसून म्हणाले, "मी असलं काई मानीत न्हाई. तुला ठाव हाय." मी म्हटलं, ठाऊक आहे काका. जाताना मी कॅसेट त्यांच्या पिशवीत ठेवू लागले तर त्यांनी ती परत माझ्या हातात दिली. घरात ठेवली तर कुठूनतरी मशीन आणीन आणि मग माझा हात राहायचा नाही, म्हणाले. तूच ठेव.

ती माझ्या कपाटात आहे, शेवटापाशी थांबलेली. रेकॉर्डर मी दुसऱ्याच दिवशी सकाळी अंधेरीला नेऊन परत केला. माझाही हात राहिला नसता.